चिंचोक्यांचा स्पार्टा

जुन्या जालन्यात आम्ही राहतो त्या गल्लीत थंडी आल्याचं स्वेटरवरून कळत नाही, शिंकांवरून कळतं. नव्या तुरीची पोती उतरायला लागली की धूळ उडते आणि खालच्या आडतीतल्या हमालांपासून वरच्या मजल्यावरच्या माझ्यापर्यंत आम्ही सगळे एका सुरात शिंकतो. परवा सकाळी वर्षाची पहिली शिंक आली. खिडकीतून खाली पाहिलं तर एक पोतं उसवलं होतं आणि रस्त्यावर लालसर दाणे सांडले होते. एक रिक्षावाला चाक वाचवत वाचवत पुढं गेला. बाकीच्यांना तिथं तूर दिसली असेल. मला अथेन्सचं पायदळ दिसलं, रस्त्यावर अस्ताव्यस्त पडलेलं.

याला कारण तीन वर्षांपूर्वीचा हिवाळा. तेव्हापासून थंडी पडली की मला ग्रीस आठवतो. जो देश मी कधी पाहिला नाही त्याला माझ्या डोक्यात भाजलेल्या हुरड्याचा वास आहे, आणि त्याच्या समुद्रावर बदनापूरचं ऊन पडलेलं आहे.

मी कॉम्प्युटरवरचे खेळ तयार करणाऱ्या पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत काम करतो. लग्नकार्यात कुणी विचारलं आणि मी हे सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडं आणि मग माझ्या वडीलधाऱ्यांकडं बघतो. त्या वर्षी कंपनीनं ऑफिसची जागा सोडली आणि सगळ्यांना आपापल्या घरून काम करायला सांगितलं, म्हणून मी जालन्याला आलो. प्राचीन ग्रीसमधल्या राज्यांच्या लढायांचा खेळ तयार होत होता आणि त्यातल्या फौजा माझ्या वाट्याला आल्या होत्या. काम ऐकायला सोपं होतं. अथेन्स घ्या की स्पार्टा, मॅसिडोनिया घ्या की थीब्ज, प्रत्येक राज्य वेगळं वाटलं पाहिजे, आणि तरीही कुणीही कुणालाही हरवू शकलं पाहिजे.

वेगळं आणि तरी बरोबरीचं. या दोन शब्दांनी माझा महिना खाल्ला. सगळ्यांना सारखंच दिलं तर खेळ बेचव होतो, आणि प्रत्येकाला त्याचं त्याचं दिलं तर एक जण डोक्यावर चढून बसतो. अथेन्सकडं जहाजं, व्यापार, पुष्कळ माणसं आणि त्याहून पुष्कळ वादविवाद. स्पार्टाकडं मूठभर सैनिक, पण लहानपणापासून घोटून तयार केलेले. आता एक स्पार्टन किती अथेनियनांना भारी? तीन? अडीच? अडीच माणसं कुठून आणायची?

उत्तर नाही तरी धीर मला खालच्या आडतीनं दिला. आता तिथं इलेक्ट्रॉनिक काटा आहे, पण जुना तराजू अजून खुंटीला लटकतो. लहानपणी मी तो चालताना पाहिलेला. एका पारड्यात लोखंड आणि दुसऱ्यात तूर. दोन्हीकडं तूर घालून कुणी कधी वजन केलं नाही. दोन अगदी वेगळ्या वस्तू समोरासमोर येतात, काटा थोडा वेळ थरथरतो आणि मधोमध उभा राहतो. तो थरथरण्याचा वेळच आमचा खेळ, असं मला तेव्हा फार वाटायचं.

असे खेळ कॉम्प्युटरवर चढवण्याआधी कागदावर खेळून बघतात. त्यासाठी समोर एक माणूस लागतो, आणि माझ्याकडं तो माणूस बदनापूरला होता. सुनंदाताई, माझी सख्खी मोठी बहीण. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. दाजी तिथल्या शेतीच्या फार्मवर कामाला, घर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, आणि घरामागं मोसंबीची लहानशी बाग. दर रविवारी सकाळच्या गाडीनं मी जायचो. गाडीच्या दारातून येणारं वारं कान कापायचं. रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकलेले असायचे, गाड्या भरभरून कापूस गेल्याची खूण. खांद्यावरच्या पिशवीत ग्रीस असायचा.

ग्रीस म्हणजे बियाण्याच्या दुकानातून मिळालेल्या मोठ्या कॅलेंडरची मागची बाजू. तिच्यावर मी डोंगर, खाड्या आणि बेटं काढली होती. सोंगट्या ताईच्या घरातल्याच. अथेन्सचे सैनिक म्हणजे तुरीचे दाणे. घोडेस्वार म्हणजे हरभरे. भुईमुगाची टरफलं ही जहाजं, ती दिसायचीही तशीच. रसद म्हणून ज्वारी. स्पार्टाच्या सैनिकांसाठी काही सापडेना, तेव्हा ताईनं फडताळातून एक डबा काढून माझ्यापुढं ठेवला. त्यात चिंचोके होते.

"हे घे," ती म्हणाली. "दातानं फुटत न्हाईत अन् पाण्यात मऊ पडत न्हाईत. तुझे ते लोक असेच असतील ना?"

ग्रंथच्या ग्रंथ वाचून मला स्पार्टा इतका कळला नव्हता.

ओसरीवर ऊन यायचं. शेजारी तूर वाळत घातलेली, तिच्यात चिमण्या. ताई सुपात काहीतरी निवडत निवडत खेळायची. मी अथेन्स घ्यायचो, तिला स्पार्टा. नियम तिला एका बैठकीत पाठ झाले. आणि ती हरायची. पहिल्या रविवारी हरली, दुसऱ्या रविवारी हरली. कधी तिचे चिंचोके नेमके खिंडीत अडकायचे, कधी रसद संपायची. "बया! विसरलेच की मी," असं म्हणून ती हसत उठायची आणि आलं ठेचून, साखर जास्त घालून चहा आणायची. "जिंकला ना? मंग घे. गरम हे तवर पी."

मी चहा प्यायचो आणि वहीत टीप लिहायचो: स्पार्टा कमजोर. सुरुवातीला स्पार्टाला तीन पाळ्यांनी एक नवा चिंचोका मिळायचा. मी तो दोन पाळ्यांनी दिला. तरी ती हरली. मग दर पाळीला एक दिला. तरी हरली. मग एका चिंचोक्याची ताकद वाढवली, त्याला कमी ज्वारीत जगायला लावलं, डोंगर ओलांडायला लावला. पुढच्या रविवारी ती पुन्हा हरली, अर्थात थोड्या जास्त मेहनतीनं. ती मेहनत आता आठवली की मला माझंच हसू येतं. जानेवारीत मी समाधानानं सगळे आकडे पुण्याला पाठवले.

तीन दिवसांनी आमच्या मुख्य डिझायनर बाईंचा फोन आला. त्या कधी आवाज चढवत नाहीत, तेव्हाही चढवला नाही. "आम्ही सगळ्यांनी खेळून पाहिलं," त्या म्हणाल्या. "जो स्पार्टा घेतो तो जिंकतो. दरवेळी. चहा येण्याआधी डाव संपतो. तू हे कुणाबरोबर तपासलंस?"

"बहिणीबरोबर," मी म्हणालो.

मग त्या म्हणाल्या की पंधरा दिवसांत नीट करून दे, नाहीतर फौजांचं काम दुसऱ्याकडं द्यावं लागेल. हे त्यांनी इतक्या सौम्यपणे सांगितलं की मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. रविवारची वाट बघवेना म्हणून मी न कळवताच दुपारच्या गाडीनं बदनापूरला गेलो. फाटकातून आत शिरलो तर ओसरीवर ताईनं माझा ग्रीस उतरवून घेतलेलं दुसरं कॅलेंडर पसरलेलं. एका बाजूला दाजी, कामावरून आलेले, डोक्याला मफलर. दुसऱ्या बाजूला ताई. सूप नाही, निवडणं नाही. मांडी घालून, पदर खोचून, नकाशावर वाकलेली. मी असा चेहरा तिचा कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. दाजींची तूर समुद्राकाठी एका कोपऱ्यात कोंडली गेली होती आणि ताईचे चिंचोके तिच्याभोवती गोल धरून बसले होते.

"या, पाव्हणं," दाजी म्हणाले. "बघा तुमच्या बहिणीचे धंदे. महिना झाला, रोज संध्याकाळी मला अशीच धुऊन काढून राह्यली."

मी नकाशा पाहिला आणि चमकलो. बाजूला माझा पहिल्या आठवड्याचा, तिथंच राहून गेलेला नियमांचा कागद होता. म्हणजे तीन पाळ्यांनी एक चिंचोका. मी कमजोर म्हणून टाकून दिलेला तो स्पार्टा घेऊन ती जिंकत होती!

"ताई, हे काय?"

ती लाजली. खरोखर लाजली, चोरून लोणचं खाताना सापडल्यासारखी. "तू आज कसा काय आलास?"

"तू माझ्याशी मुद्दाम हरत होतीस?"

"मंग काय करू? तुझं ते ऑफिसचं काम. तू केलेली फौज हरली तर तुझे साहेब काय म्हनतील?"

"अगं, दोन्ही फौजा मीच केल्यात!"

ताईनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग दाजींकडं. "मला काय माहीत? तू दर बारीला तुरी घेऊन बसायचास. मला वाटलं, तुझी तीच."

दाजी इतके हसले की त्यांचा मफलर सुटला. मलाही हसू आलं, पण पुरतं हसून होईना. कारण त्या क्षणी मला आमचा खो-खो आठवला.

आमच्या लहानपणी गडी वाटून घ्यायची एक पद्धत होती. दोन कप्तान उभे राहायचे. बाकीच्या पोरांनी आपापली बरोबरी बघून जोड्या लावायच्या. जोडीनं थोडं लांब जायचं, एकमेकांना गुपचूप नावं द्यायची आणि गळ्यात हात टाकून परत यायचं. "चांद पाहिजे का सूरज?" कप्तान डोळे झाकून एक मागायचा. चांद एकीकडं, सूरज दुसरीकडं. कोण चांद आहे हे त्याला माहीतच नसायचं, म्हणून भांडण नाही. जगातल्या सगळ्या खेळ बनवणाऱ्यांनी एकत्र बसून विचार केला तरी याहून सरळ युक्ती सापडणार नाही. पण तिच्यात एक अट आहे. आपली बरोबरी कुणाशी हे ज्यानं त्यानं खरं सांगितलं पाहिजे. तिथं लबाडी झाली की सगळा डाव वाकडा.

आणि ताई तीन वर्षांनी मोठी, टांगा लांब, वाऱ्यासारखी पळणारी. ती नेहमी माझ्याशीच जोडी लावायची. "बापूची न् माझी जोडी," असं आधीच जाहीर करायची. आणि समोरासमोर आलो की मी तिला हटकून बाद करायचो. मला आयुष्यभर वाटत आलं होतं की लहानपणी मी बऱ्यापैकी खो-खो खेळायचो.

ओसरीवर उभ्या उभ्या मी एकेक जिंकणं परत मोजायला लागलो. खो-खो गेला. कॅरम गेला. मग त्याहून मोठी गोष्ट समोर आली आणि माझं मोजणं थांबलं. ताई बारावीला गणितात नापास झाली होती. पुन्हा बसायची तिला संधी होती, पण "मला न्हाई शिकायचं, बापूला शिकवा," असं तिनं सांगून टाकलं. घरातून एकालाच बाहेर शिकायला पाठवणं जमणार होतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तिनं शिवणक्लास लावला, मग लग्न झालं. मी संभाजीनगरला गेलो, पुण्याला गेलो, ग्रीसपर्यंत गेलो. तेही तिनं मला सोडलेलं असेल तर? मग माझं म्हणावं असं काय उरलं?

विचारायचं धाडस झालं नाही. मी म्हणालो, "ताई, माझं काम आता तुझ्यावर आहे. खरं खेळलीस तरच ते वाचेल. आणि फौज आपण निवडायची नाही."

पुढं जे झालं ते कुणी बाहेरच्यानं पाहिलं नाही हे बरं. पन्नाशीला टेकलेली बाई आणि तिचा टकलू भाऊ मोसंबीच्या बागेत गेले, कानात कुजबुजले आणि एकमेकांच्या गळ्यात हात टाकून दाजींसमोर येऊन उभे राहिले.

"चांद पाहिजे का सूरज?" ताईनं विचारलं. तिचा आवाज अगदी तेव्हाचा होता.

दाजींनी गंभीरपणे मफलर नीट केला. "चांद," ते म्हणाले. "चांद स्पार्टा घेईल."

चांद ताई होती.

मग मी पहिल्यांदा तिचा खेळ पाहिला. आधीच्या पाळ्यांत तिनं काहीच केलं नाही. लढली नाही, पुढं आली नाही. तिचे चारपाच चिंचोके आपल्या डोंगरात गप्प बसले. मी बेटामागून बेट घेत सुटलो, टरफलं चहूकडं पसरली, आणि ती नुसती बघत राहिली. मला वाटलं, पुन्हा सोडून देतेय. म्हणून मी रागानं तिच्याकडं पाहिलं.

"सबर कर," ती नकाशावरची नजर न काढता म्हणाली.

आठव्या पाळीला ते चिंचोके एकदम डोंगर उतरले. माझी तूर इतकी पातळ पसरली होती की कुठंच पाच दाणे एकत्र नव्हते. तिथून चौथ्या पाळीत मी संपलो.

दाजींनी तेव्हा मला मागच्या बागेकडं बोट दाखवलं. झाडांची पानं कोमेजून गळत होती आणि मला ती आजारी वाटली होती. "पाणी तोडलंय," ते म्हणाले. "थंडीत ताण द्यावा लागतो. बराबर ताण बसला की मंग पाणी द्यायचं, तवा बहार फुटतो. आधीच पाणी पाजत बसलं तर नुसता पाला." मी महिनाभर स्पार्टाला पाणी पाजत बसलो होतो. त्याच रात्री मी सगळे आकडे पहिल्यासारखे केले आणि एक छोटा नियम घातला: जो स्पार्टन लढाईशिवाय घरी थांबेल, त्याची पुढची पहिली लढाई जोरात होईल. पंधरा दिवस आम्ही चांद-सूरज करून खेळलो. शेवटी पुण्याहून बाईंचा फोन आला. त्या एवढंच म्हणाल्या की आता डाव संपेपर्यंत चहा थंड होतो.

पण मला ती बुधवारची संध्याकाळ सांगायची आहे. हरल्यावर मी चिंचोके डब्यात भरत होतो आणि ताई तुरीवर पोतं झाकत होती. तेव्हा मी विचारूनच टाकलं.

"ताई, बारावीलापण तू अशीच हरली होतीस का? माझ्यासाठी?"

ती थांबली. मग कमरेवर हात ठेवून तिनं मला नीट न्याहाळलं. "येडा हेस का तू? गणितात मी खरंच नापास झाले. पेपर बघून घाम फुटला व्हता मला. दुसऱ्यांदा तो पेपर द्यायचा न्हाई म्हणून तुझं नाव पुढं केलं. शिवणक्लासला गेले तवा कुठं सुटल्यासारखं झालं. उगा मला देवी करून कोनाड्यात बसवू नको, बापू."

"आणि खो-खो?"

तिनं पोत्याचं टोक विटेखाली दाबलं. "खो-खोत मात्र हरायची," ती म्हणाली. "तुला पळताच येत न्हवतं रे."

परतीच्या गाडीत मला इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही. मी तिच्या उपकारांखाली दबलेलो नव्हतो. मी फक्त हळू पळणारा मुलगा होतो, आणि जिला माझ्याशीच जोडी लावायची होती अशी बहीण मला होती. एवढं कुणाच्याही नशिबाला पुरेसं आहे.

खेळ पुढं बाहेर पडला. कुठल्या कुठल्या देशांतले लोक तो खेळतात, आणि त्यांतला एखादा स्पार्टा घेऊन आठ पाळ्या गप्प बसतो तेव्हा तो ताईसारखा खेळतोय हे त्याला माहीत नसतं. आम्ही मात्र कॅलेंडरच्या पाठीवरच राहिलो. थंडी पडली की तिचा निरोप येतो, "हुरडा आलाय, फौजा घेऊन ये." गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजायची, लसणाची चटणी, बोटं काळी, आणि काळ्या बोटांनी ग्रीस. तीन हिवाळ्यांत मी तिच्याशी एकदाही जिंकलो नव्हतो. कधी चांद झालो, कधी सूरज. कधी तूर घेतली, कधी चिंचोके. दर वेळी धुतला गेलो. दर वेळी तिनं आल्याचा चहा दिला, माझी समजूत काढायला.

परवाच्या शिंकेनंतर काल रविवारी गेलो. दाजींनी चांद मागितला, तूर माझ्याकडं आली. या वेळी मी बेटांच्या मागं लागलो नाही. मीही थांबलो. ती डोंगरात, मी बंदरात. दोघंही गप्प, मधे ऊन. दाजींना डुलकी लागली. शेवटी ताईलाच धीर धरवला नाही. ती एक पाळी लवकर उतरली. एकच पाळी. मी टरफलांतून तूर तिच्या मागं उतरवली आणि तिचा शेवटचा चिंचोका उचलून तळहातावर घेतला.

मी श्वास रोखून तिच्याकडं बघत राहिलो. "विसरलेच की मी," असं म्हणून ती हसते का, एवढंच मला बघायचं होतं.

ती हसली नाही. तिनं नकाशा एकदा वरून खाली पाहिला, एकदा खालून वर. मग सगळे चिंचोके ओंजळीत घेऊन डब्यात आपटले, झाकण दाबलं आणि तरातरा आत गेली. आत एक भांडं पडलं, मग दुसरं. दाजी दचकून उठले. त्यांनी आत डोकावून हळूच विचारलं, "अगं, बापूला चहा?"

"त्याला म्हनावं, स्टेशनवर पी!" आतून आवाज आला.

मी चपला घातल्या. मोसंबीच्या बागेवरून गार वारं येत होतं. स्टेशनवरच्या टपरीत मी चहा घेतला. पाणचट, आलं नसलेला, अर्धा थंड. इतका गोड चहा मी जन्मात प्यायलो नव्हतो.